चाप : आवर आणि मोकळीक

भाषेच्या पोटांत कित्येकदां एखाद्या वस्तूचा सगळा इतिहास सांठविलेला असतो. मराठींतील 'चाप' हा शब्द त्यांपैकींच एक होय. संस्कृतांत चाप म्हणजे धनुष्य. मराठींत चाप म्हणजे बंदुकीची ती लहानशी लोखंडी कळ, जी बोटानें ओढली असतां बार उडतो. परंतु त्याच मराठींत 'खर्चाला चाप लावला', 'त्याच्या वाचाळपणाला चाप बसला' असेंही आपण म्हणतों. आणि तेथें चापाचा अर्थ मोकळीक असा नसून आवर असा आहे. ज्या कळीनें गोळी सुटते तिचेंच नांव सुटूं पाहणाराला अडविण्याच्या कामीं आपण वापरतों. हा विरोध केवळ शब्दांचा खेळ नव्हे. चापाचें काम मुळांतच दुहेरी आहे. माणसाच्या मनांत निश्चय होईपर्यंत गोळी धरून ठेवावयाची, आणि निश्चय होतांच ती सोडावयाची, हीं दोन्ही कामें त्याच एका तुकड्याकडे असतात. ज्या चापाला धरतां येत नाहीं, त्याला सोडतांही येत नाहीं. त्याच्या हातून गोळी केवळ निसटते.

या विचाराला निमित्त एका नव्या खेळाचें झालें आहे. लोणावळ्याकडे किंवा पुण्यामुंबईच्या आसपास सहलीस जाणारीं मुलें अलीकडे 'पेंटबॉल' हें नांव घेऊन घरीं येतात. आमच्या दिग्रससारख्या कपाशीच्या गांवांतील वडील मंडळींस मात्र तें अजून नवखेंच वाटतें. जिलेटिनच्या पातळ कवचांत रंगीत द्रव भरलेली, सुमारें १७ मिलिमीटर व्यासाची व तीन ग्रॅम वजनाची गोळी दाबलेल्या हवेनें उडवावयाची, आणि ज्याच्या अंगावर ती फुटून रंग उमटेल तो गडी बाद, असा हा खेळ आहे. त्यांतील हत्याराला बंदूक न म्हणतां 'मार्कर', म्हणजे खूण करणारें यंत्र, असें म्हणतात. या खेळाच्या जाणत्या लोकांत एक वाद बरींच वर्षें चालत आला आहे. कोणत्या मार्करचा चाप बोटाला कसा लागतो, आणि कोणता चाप उसळी घेतो, हा तो वाद. उसळी म्हणजे काय तें थोडक्यांत सांगावयाचें तर असें: बोट एकदांच दाबावें, आणि यंत्रानें तें दोनदां किंवा चारदां दाबलें असें धरून तितक्या गोळ्या सोडाव्या. वाद वरवर पाहतां पोरकट वाटेल. परंतु त्याच्या मागें बोट आणि यंत्र यांच्या संबंधाचा पांचशें वर्षांचा इतिहास आहे, व त्या इतिहासाचा पुष्कळसा भाग आपल्याच मुलुखांत घडलेला आहे.

आरंभ तोडेदार बंदुकीपासून करावा लागतो. सुताच्या दोरीला सोऱ्याचें पाणी पाजून तोडा तयार करीत. यालाच जामगी असेंही म्हणत. हा धुमसता तोडा एका वांकड्या लोखंडी दांडीच्या चिमट्यांत धरलेला असे. नळीच्या बाजूस एक लहान पाळें, त्यांत रंजक म्हणजे बारीक दारू, आणि पाळ्यांतून नळीच्या पोटांत जाणारा काना. आपल्याकडील साध्या तोडेदार बंदुकींत चाप आणि तोड्याची दांडी हीं एकाच तरफेचीं दोन टोकें असत. बोटानें चाप जितका ओढावा तितकाच तोडा रंजकेकडे झुके. बोट थांबलें की तोडाही थांबे. बोट सैल सोडलें की तो मागें येई. मधें कोठें खांच नाहीं, अडणी नाहीं, एकाएकीं तुटणें नाहीं. रंजकेला विस्तव लागेपर्यंतचें सर्व काम बोटच करी, आणि म्हणून त्या क्षणापर्यंत केव्हांही माघार घेण्याची मुभाही बोटालाच असे. त्यानंतर मात्र रंजक पेटून तिची ज्वाला कान्यांतून आंत जाईपर्यंत जो वेळ लागे, तेवढा वेळ नेम न हलवितां उभें राहणें, हीच बंदूकवाल्याची खरी विद्या होती. पुष्कळदां नुसती रंजकच उडे आणि बार होत नसे.

याच जातीच्या बंदुकीचा एक निराळा प्रकार गोमंतकांत वाढला. १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं गोवें घेतल्यावर तेथील शस्त्रशाळेंत युरोपीय व देशी कारागिरांचे हात एकत्र आले. त्यांच्या तोडेदार बंदुकींत एक लहान स्प्रिंग बसविलेली असे. चाप ओढतांच दांडी सुटून तोडा झटक्यानें रंजकेवर पडे. १५४३ मध्यें पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर ज्या बंदुका जपानांतील तानेगाशिमा बेटावर पोंचल्या, त्यांची कळही याच झटक्याच्या जातीची होती, आणि ती गोवें-मलाक्का या बाजूच्या कारागिरीशीं जुळती आहे असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. तेव्हां सोळाव्या शतकांतच एका समुद्रकिनाऱ्यावर दोन तऱ्हेचे चाप शेजारीं शेजारीं नांदत होते. एकांत बोट शेवटपर्यंत तोड्याबरोबर चाले, आणि दुसऱ्यांत बोट केवळ त्याला सुटी देई.

हा दुसरा विचार पूर्णतेस गेला तो गारेच्या बंदुकींत. येथें घोड्याच्या तोंडांत गारेचा तुकडा बसविलेला असतो. घोडा मागें ओढून चढविला की एका जबर स्प्रिंगचा सगळा जोर एका लहानशा खांचेंत अडकून राहतो. चापाचें काम एवढेंच की ती अडणी खांचेंतून बाहेर सारावी. मग घोडा आपल्याच जोरानें पोलादावर आपटतो, ठिणगी पडते, आणि रंजक पेटते. या ठिकाणीं इतिहासानें एक मोठी कोलांटी घेतली, असें आम्हांस वाटतें. तोडेदार बंदुकींत बोट स्वतः काम करीत होतें. गारेच्या बंदुकींत तें काम करीत नाहीं, परवानगी देतें. काम आधींच स्प्रिंगमध्यें भरून ठेवलेलें असतें. परवानगी देण्याचा क्षणही आतां एक बिंदु होऊन बसला. त्या बिंदूच्या अलीकडे कांहींच घडलेलें नाहीं, आणि पलीकडे सर्व घडून चुकलेलें आहे. चाप तुटण्याचा तो बिंदु बोटाला आधीं कळणें, हीच तेव्हांपासून नेमबाजाची मुख्य चिंता होऊन राहिली.

मराठ्यांच्या लष्करांत दोन्ही जातींच्या बंदुका दीर्घकाळ एकत्र नांदल्या. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर इब्राहिमखान गारद्याची कवायती पायदळ फौज उभी होती. पुढें महादजी शिंद्यांनीं द बॉयन याच्याकरवीं पलटणी उभारल्या, आणि आग्र्यास सँगस्टर नांवाच्या युरोपीय कारागिराच्या देखरेखीखालीं तोफा व बंदुका तयार होऊं लागल्या. तथापि गढ्यांतून आणि शिबंदींतून तोडेदार बंदूकच चालू राहिली. अरब शिबंदीचें तर ती आवडतें हत्यार होती. त्याचीं कारणें समजण्यासारखीं आहेत.  गारेच्या बंदुकीची नाजूक कळ बिघडली तर कवायती फौजेचा मिस्त्री लागतो, तोडेदाराची तरफ गांवचा लोहारही ठोकून देतो. शिवाय लांब नळीच्या तोडेदार बंदुकीचा पल्ला कंपनीच्या आंखूड बंदुकीहून अधिक असे, हें त्या काळच्या इंग्रज लष्करी माणसांनींही कबूल केलें आहे. परंतु रांगेनें उभें राहून हुकुमासरशीं एका क्षणीं शेंकडों बार उडविणें हें तोड्याला साधत नाहीं. हुकूम एक, आणि बोटें शेंकडों. त्या सर्वांचा तुटण्याचा बिंदु एक व्हावयाचा तर चापाला खांचच हवी.

वऱ्हाडानें या फरकाचीं फळें फार जवळून पाहिलीं. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अडगांवच्या मैदानावर नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा मोड झाला, आणि पुढील महिन्याच्या १५ तारखेस गाविलगड पडला. १८१८ च्या एप्रिलांत दुसऱ्या बाजीरावाची पाठ धरीत आलेल्या कर्नल ॲडम्सनें आमच्याच यवतमाळ जिल्ह्यांत, पांढरकवड्याच्या बाजूस शिवणीजवळ, त्याच्या उरलेल्या सैन्याची दाणादाण केली. या पराजयांचा दोष एका चापावर टाकणें हा अर्थातच वेडेपणा होईल. फाटाफूट, थकलेले पगार, तोफखान्याची व्यवस्था आणि नेतृत्व हीं कारणें कितीतरी मोठीं आहेत. तरी पण एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कवायती पलटणीच्या शिपायानें आपल्या बोटाचें स्वातंत्र्य हुकुमाच्या स्वाधीन केलें होतें, आणि तें करणें ज्या यंत्रामुळें शक्य झालें, तें यंत्र म्हणजे ही खांच होती.

पुढचा टप्पा केपाचा. १८०७ मध्यें अलेक्झांडर फॉर्सिथ या स्कॉच धर्मोपदेशकानें आघातानें पेटणाऱ्या द्रव्याचा उपयोग बंदुकींत करण्याचें पेटंट घेतलें. त्यांतूनच पुढें तांब्याची लहान टोपी, म्हणजे केप, निघाली. रंजक गेली, पाळें गेलें, पावसाचें भय बरेंच गेलें. चाप ओढणें आणि बार उडणें यांमधील वेळ इतका आखडला की दोन्ही एकच वाटूं लागलीं. विदर्भाच्या खेड्यांतून 'ठासणीची बंदूक' या नांवानें जी ओळखली जाते, ती हीच. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून बंदूक बाळगणें गुन्हा ठरलें. स्वतंत्र भारतांत त्याची जागा १९५९ च्या कायद्यानें घेतली. पीकसंरक्षणासाठीं मिळणारे परवाने अजूनही आहेत. रानडुकरें आणि रोही यांच्या उपद्रवानें ज्वारीच्या, तुरीच्या वावरांत रात्र रात्र जागल करावी लागणें काय असतें, हें अरुणावतीच्या खोऱ्यांतील शेतकऱ्याला कोणी सांगावयास नको. अंधारांत मचाणावर बसलेल्या माणसाच्या बोटाखालीं चाप असतो, आणि समोर हललेलें झुडूप डुकराचें की शेजारच्या वावरांतून येणाऱ्या माणसाचें, हें ठरविण्यास त्याच्याजवळ एका श्वासाचा अवधि असतो. अशा वेळीं चाप जड असणें हें त्या हत्याराचें वैगुण्य नव्हे; तो त्याचा गुण आहे. अर्धा चढविलेला घोडा चापानें सुटूं नये म्हणून कारागिरांनीं जी दुसरी, खोल खांच पाडली, ती याच शहाणपणांतून.

चापाचा शास्त्रशुद्ध विचार मात्र युद्धांत किंवा शिकारींत झाला नाहीं. तो नेमबाजीच्या खेळांत झाला. भारतांत १९५१ मध्यें राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे सभापति गणेश वासुदेव मावळंकर. या खेळांत चापाच्या चालीचे दोन भाग करतात. पहिली ती हलकी, मोकळी चाल. ती संपतांच बोटाला एक भिंत लागते. त्या भिंतीवर बोट टेकवून नेमबाज थांबतो, श्वास धरतो, नेम पाहतो. आणि मग किंचित् अधिक दाब देतांच चाप कांच तुटावी तसा स्वच्छ तुटतो. दहा मीटरच्या हवेच्या पिस्तुलाचा चाप कमींत कमी ५०० ग्रॅम वजन पेलणारा असलाच पाहिजे, पंचवीस मीटरच्या पिस्तुलाचा १००० ग्रॅम, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पिस्तूल उभें धरून चापाला वजन अडकवितात. वजन उचललें गेलें आणि घोडा सुटला नाहीं, तर पिस्तूल पास. ऑलिंपिकमधील रायफलीच्या चापाला मात्र अशी मर्यादा नाहीं, आणि तो अत्यंत हलका ठेवतात. महाराष्ट्राच्या खेळाडूंनीं या विद्येंत मोठें नांव मिळविलें आहे. अंजली भागवत यांनीं २००० सालीं सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरींत प्रवेश केला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्यूनिक येथें जगज्जेत्या झाल्या, आणि त्याच जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटर रायफलींत कांस्यपदक मिळविलें. या मंडळींच्या वर्षानुवर्षांच्या तपश्चर्येचा बराच भाग त्या भिंतीवर बोट टेकवून न दाबतां थांबण्याच्या अभ्यासांत जातो.

आतां पेंटबॉलकडे वळूं. याचें यंत्र मुळांत खेळासाठीं नव्हतेंच. आपल्याकडे तोडावयाच्या झाडावर जंगलखात्याचा माणूस हातोड्यानें शिक्का मारतो. अमेरिकेंत ओढ्यापलीकडच्या झाडावर किंवा कळपांतल्या गुरावर दुरूनच खूण करावी म्हणून रंगाची गोळी उडविणारें पिस्तूल निघालें. नेल्सन या रंगाच्या कंपनीसाठीं डेझी कंपनीनें १९७० च्या दशकांत केलेलें 'नेल्स्पॉट ००७' हें त्यांतील प्रसिद्ध होय. २७ जून १९८१ रोजीं न्यू हॅम्पशर संस्थानांत हेनिकर येथील रानांत बारा गृहस्थांनीं हीं पिस्तुलें घेऊन पहिला खेळ मांडला. रानांत ठिकठिकाणीं ठेवलेलीं निशाणें गोळा करून आणावयाचीं, आणि दुसऱ्याच्या रंगापासून बचावावयाचें. जिंकला रिची व्हाइट नांवाचा एक वनकर्मचारी, आणि त्यानें सबंध खेळांत एकही गोळी उडविली नाहीं. ज्या खेळाच्या पहिल्याच दिवशीं न दाबलेल्या चापाचा जय झाला, त्यानेंच पुढें चापाच्या वेगाचा इतका हव्यास धरावा, हें आश्चर्यच म्हणावयाचें.

त्या पहिल्या पिस्तुलांत प्रत्येक गोळीसाठीं दांडा हातानें मागेंपुढें करावा लागे. चाप साधा, अडणीचा. उसळीचा प्रश्नच नव्हता, कारण दुसरी गोळी नळींत आलेलीच नसे. १९९० च्या सुमारास आपोआप पुढची गोळी भरणारे मार्कर आले, आणि त्यांबरोबर चापांचे स्वभावही निरनिराळे झाले. 'ऑटोकॉकर' या मार्करचा चाप लांब चालीचा असे. त्याच्या चालीच्या पहिल्या भागांत गोळी सुटे. पुढच्या भागांत एक लहान हवेची झडप उघडून दट्ट्याकरवीं घोडा पुन्हां चढविला जाई. बोटानें पूर्ण चाल न करतां घाई केली तर गोळी अर्धवट आंत येऊन फुटे आणि नळी रंगानें भरे. म्हणजे हा चाप घाईला स्वतःच शिक्षा करीत असे. तोडेदार बंदुकीप्रमाणें त्यांत बोटानें यंत्राबरोबर शेवटपर्यंत चालावें लागे, आणि म्हणूनच कीं काय, जुने खेळाडू त्याच्या स्पर्शाविषयीं अद्यापि प्रेमानें बोलतात. याच्या उलट 'ऑटोमॅग'. त्याची चाल आंखूड, रचना सुटसुटीत. त्याच्या पुढच्या एका सुधारलेल्या झडपेंत आंत येणाऱ्या हवेच्या दाबानेंच चाप परत बोटावर ढकलला जाई. दाब वाढविला की तो इतक्या जोरानें परते कीं सैल धरलेल्या बोटावर तो आपणच आपटूं लागे, आणि गोळ्यांची माळ सुटे. टिपमन कंपनीनेंही आपल्या मार्करला एक जोड काढली. गोळी उडाल्यावर उरलेली हवा एका लहान नळकांड्यांत घेऊन ती चाप पुढें ढकलते. बोटाचा दाब नेमका राखला तर चाप बोटाखालीं नाचत राहतो. यंत्राच्या दृष्टीनें प्रत्येक वेळीं चाप खरोखरच ओढला जातो. परंतु तो बोटानें ओढला, कीं बोटावर आदळला, हें सांगणें कठीण.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धांत विजेचे मार्कर आले. 'शॉकर' आणि इंग्लंडांतील 'एंजल' हे त्यांतील आरंभीचे. येथें चापानें तिसरें रूप घेतलें. आतां त्याच्या पाठीमागें अडणी नाहीं, खांच नाहीं. चाप फक्त एका इवल्याशा विजेच्या बटनाला स्पर्श करतो, किंवा प्रकाशाचा एक किरण अडवितो. ही वर्दी एका चकतीवरील संगणकाला पोंचते, आणि झडप उघडावयाची की नाहीं हें तो ठरवितो. पूर्वीं बोट मजूर होतें, मग तें अंमलदार झालें, आणि आतां तें अर्जदार झालें. अर्ज एक आणि कारकुनानें तो तीनदां नोंदविला, तर तीन हुकूम सुटावे, तसा प्रकार येथें घडूं लागला. उसळी ती हीच.

तिचीं कारणें दोन. विजेच्या बटनांतील धातूच्या पट्ट्या एकमेकींस लागतांना क्षणभर थरथरतात; हजारांश सेकंदाच्या अवधींत त्या अनेकदां लागतात आणि सुटतात, आणि संगणक प्रत्येक लागणें नवें दाबणें समजतो. ही झाली आंतली उसळी. दुसरी बाहेरची. गोळी सुटतांना मार्कर किंचित् हालतो. चाप अगदीं हलका आणि त्याची चाल केसाएवढी असली, तर त्या हिसक्यानें मार्करच बोटावर येऊन आदळतो, आणि बोट न हालतां चाप पुन्हां दाबला जातो. पहिलीवर उपाय असा कीं, एक दाबणें नोंदल्यावर कांहीं हजारांश सेकंद दुसरें नोंदूंच नये, अशी आज्ञा संगणकाला द्यावयाची. दुसरीवर उपाय जुनाच आहे. चापाला परत ढकलणारें चुंबक किंवा स्प्रिंग अधिक जोराची बसवावी, चाल थोडी वाढवावी, म्हणजे चापाला थोडा आवर घालावा. परीक्षाही सोपी आहे. मार्कर सैल हातांत धरून चाप अत्यंत सावकाश दाबीत न्यावा. तुटण्याच्या बिंदूवर एकच गोळी सुटली तर चाप प्रामाणिक, आणि दोन-चार सुटल्या तर तो उसळतो. पाहूं गेलें असतां मार्करांची तुलना करण्याचें याहून न्याय्य माप दुसरें नाहीं. चाप किती हलका आहे यापेक्षां, सावकाश दाबला असतां तो किती खरा राहतो, हें पाहावें. हलक्या बटनाचा, चुटकन् वाजणारा चाप बोटाला फार गोड लागतो. परंतु तो गोडवा आणि खरेपणा दर वेळीं एकत्र नांदतातच असें नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, खेळच तो. एकाच्या तीन गोळ्या सुटल्या तर बिघडलें काय? बिघडतें तें असें. सेकंदाला ३०० फूट वेगानें येणारी गोळी जवळून लागली तर वळ उठवते, आणि उघड्या डोळ्यास लागली तर तो कायमचा जाऊं शकतो. म्हणून तर मुखवट्यावांचून मैदानांत पाऊल टाकूं देत नाहींत. एक गोळी लागून बाद झालेल्या नवख्या मुलाला आणखी पांचसहा बसल्या, तर तो पुन्हां मैदानावर येत नाहीं. आणि सर्वांत वाईट हें कीं, 'मीं मारल्या नाहींत, यंत्रानें मारल्या,' असें म्हणण्याची सोय मारणाराला मिळते. खेळाच्या पंचांपुढें हाच पेंच पडला. एका दाबण्यास एकच गोळी, असा नियम होता. परंतु प्रत्येक मार्करच्या संगणकांत काय लिहिलें आहे, हें मैदानाच्या कडेला उभा असलेला पंच पाहणार कसें? अखेर अमेरिकेंतील पीएसपी या स्पर्धामालिकेनें माघार घेतली. खेळाडूनें कांहीं गोळ्या स्वतः दाबून सोडल्या कीं पुढें यंत्रानें भर घालावी, मात्र सेकंदाला १५ हून अधिक गोळ्या सुटूं नयेत, असा नियम तिनें केला. आणि पुढें ही मर्यादा १०.२ पर्यंत खालीं आली. एनपीपीएल या दुसऱ्या मालिकेनें एका दाबण्यास एक गोळी हेंच तत्त्व धरून ठेवलें. एकीनें बोटाचा हिशेब सोडून वेगाचा धरला, दुसरीनें वेगाचा सोडून बोटाचा धरला. अलीकडे पुनः विजेवांचून चालणाऱ्या मार्करांच्या स्पर्धा लोकप्रिय होत आहेत, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

हा पेंच खेळापुरताच राहता तर बरें होतें. अमेरिकेंतील १९३४ च्या कायद्यानें यांत्रिक तोफेसारखी बंदूक कोणती म्हणावी याची व्याख्या करतांना, चापाच्या एकाच क्रियेनें जी एकाहून अधिक गोळ्या उडवील ती, असें म्हटलें. पुढें अशी एक दस्त्याची जोड निघाली कीं, बार उडाल्याच्या हिसक्यानें बंदूक मागेंपुढें सरकते आणि स्थिर धरलेल्या बोटावर तिचा चाप पुनः पुनः येऊन आदळतो. पेंटबॉलवाले जिला बाहेरची उसळी म्हणतात, तीच ही. १ ऑक्टोबर २०१७ रोजीं लास व्हेगस येथें एका माणसानें अशाच बंदुकांनीं गाणें ऐकावयास जमलेल्या लोकांवर गोळीबार केला, आणि त्यांत अनेक दहांचे प्राण गेले. सरकारनें त्या जोडीवर बंदी घातली. परंतु १४ जून २०२४ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं निकाल दिला कीं, प्रत्येक गोळीस चाप नव्यानें दाबला जातो, सबब ही जोड त्या व्याख्येंत बसत नाहीं. न्यायाधीशांनीं कायद्याचे शब्द मोजले, आणि त्या शब्दांच्या हिशेबानें तसें म्हणतां येत असेल. परंतु एका बाजूस चापाची क्रिया आणि दुसऱ्या बाजूस माणसाचा निश्चय, हीं दोन एकच आहेत असें धरून जे शब्द १९३४ सालीं लिहिले गेले, त्यांच्यामधील फट उसळीनें उघडी पाडली, एवढें खरें.

या सर्व इतिहासांत एक सूत्र दिसतें. प्रत्येक पिढीच्या कारागिरानें चाप अधिक हलका, अधिक जलद केला. आणि प्रत्येक पिढीला त्या हलकेपणाला कोठेंतरी आवर घालावा लागला. घोड्याच्या वेगाला अर्ध्या चढीची खोल खांच, पिस्तुलाच्या चापाला ५०० ग्रॅमचें वजन, विजेच्या चापाला हजारांश सेकंदांची सक्तीची विश्रांति, हीं सारीं एकाच जातीचीं बंधनें होत. बंधनें घालणारे लोक वेगाचे शत्रु नव्हते. त्यांना एवढेंच हवें होतें कीं, सुटलेली प्रत्येक गोळी कोणाच्या तरी निश्चयाची असावी, आणि ती आपली आहे असें त्याला म्हणतां यावें. आणि हा प्रश्न बंदुकीपाशीं थांबत नाहीं. ज्या काळांत आपलें बोट पडद्यावर एकदां टेकतें आणि त्या स्पर्शाचा अर्थ लावण्याचें काम यंत्राकडे असतें, त्या काळांत आपण सर्वच थोडेफार अर्जदार झालों आहों.

तेव्हां घरांतील मुलगा सुटींत पेंटबॉल खेळावयास निघाला, तर त्याला अडविण्याचें कारण नाहीं. खेळ मर्दानी आहे, आणि मुखवटा घालून, पंचांच्या देखरेखीखालीं खेळल्यास निर्धास्तपणें खेळण्यासारखा आहे. फक्त त्याच्या हातीं जो मार्कर येईल, त्याचा चाप मोकळ्या दिशेस धरून एकदां अगदीं सावकाश दाबून पाहण्यास त्यास सांगावें. भिंत कोठें लागते, तुटतो कोठें, आणि एका दाबण्यास गोळ्या किती, हें त्याच्या बोटाला कळूं द्यावें. चाप कोठें तुटतो हें ज्या बोटाला ठाऊक असतें, त्याच्या एक रेघ अलीकडे थांबणेंही त्यालाच साधतें.